नागव्वाच्या नातीचं वजन

भवानी पेठेतल्या बालवाडीसाठी संस्थेनं १९७४ साली नागव्वाला मदतनीस म्हणून घेतलं, ते तिचा आवाज ऐकून. बोळाच्या टोकाला उभं राहून तिनं हाक मारली की पोर घरात ठेवायची कुठल्या आईची छाती होत नसे. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी साक्षरतेचा. तिन्हींना माणसं गोळा करायची ती नागव्वानंच.

पण मुलांची वजनं करायचं निघालं आणि बायका अडून बसल्या. पोर काय धान्य आहे, काट्याला टांगायला? दृष्ट लागली म्हणजे? शेवटी बालवाडीच्या महानंदाबाईंनी नागव्वालाच गळ घातली, की तुमची नात पहिली बसवा.

नात गौरम्मा अडीच वर्षांची. गोवर होऊन गेल्यापासून नुसती हाडं राहिली होती. पेठेला शहाणपण शिकवणारीची नात अशी, या विचारानं नागव्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात तिची एक पक्की समजूत होती, की ज्याचं वजन चांगलं त्यालाच दुधाची पावडर आणि लाडू मिळणार, शाळेत मार्कांवर बक्षीस देतात तसं. महानंदाबाईंनी नीट सांगितलं होतं, पण नागव्वा ऐकून घेणाऱ्यातली कधी नव्हतीच.

काट्यावर घालताना अंगावरचे दागिने काढायचे होते. गळ्यातलं पूजेचं लिंग मात्र लिंगायतांत कुणी अंगावेगळं करत नाही, हे महानंदाबाईंनाही ठाऊक. नागव्वानं नेमकं तेच हेरलं. नवऱ्याची लिंगाची चांदीची डबी त्याच्यामागं तिनं जपून ठेवली होती, चांगली पाव किलोची. नातीचं लिंग फडक्यातून सोडवून तिनं त्या डबीत घातलं आणि डबी पोरीच्या गळ्यात बांधली. गौरम्मा झोळीत बसली, काटा नऊ किलोच्या रेघेपुढं जरासा सरकला. शेजारणींनी डबी पाहिली आणि काय समजायचं ते समजल्या. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या माणसांच्या डब्या पोरांच्या गळ्यात दिसू लागल्या.

पुढच्या आठवड्यात पुडे वाटले, तेव्हा नागव्वाला आपला घोळ कळला. दूध कमी वजनाच्या, रेघेखालच्या मुलांना होतं. गौरम्माचं नाव यादीत नव्हतं.

बोलावं तर पेठेत नाक कापलं जाणार, न बोलावं तर पोर वाळत चाललेली. महिनाभर ती सुनेवर आणि भांड्यांवर राग काढत राहिली. मग एक दिवस गौरम्मा दोन पायऱ्या चढली आणि धापा टाकत खाली बसली. नागव्वानं तिला तशीच उचलली, लिंग पुन्हा फडक्यात बांधलं आणि शिवणवर्ग भरला होता तिथं सगळ्यांदेखत जाऊन उभी राहिली.

"बाई, हिला परत काट्यावर घाला. त्या दिवशी तुमी डबीचं वजन केलं. पोरीचं न्हाय."

कुणी हसलं नाही. काटा पावणेनऊलाच थांबला. महानंदाबाईंनी जुना आकडा खोडला आणि पुडा तिथल्या तिथं तिच्या हातात दिला.

तेवढ्यात चनबसप्पाची बायको शिवबाई मशीनवरून उठली, घरी गेली आणि आपल्या पोराला डबीशिवाय घेऊन आली. संध्याकाळपर्यंत चार मुलांची वजनं पुन्हा झाली. तिघं रेघेखाली निघाली. नागव्वाला तिथं उभं राहवेना, इतकं वाईट वाटलं.

पोराला डबी बांधणारी पाचवी, ईरम्मा, आलीच नाही. तिच्या दारात नागव्वा स्वतः गेली. या बोळात ती आजवर कधी हळू बोलली नव्हती.

"माझं बघून तू डबी बांधलीस, ईरम्मा. तुझ्या पोराचं म्हैनाभराचं दूध मी बुडवलं. चल, घे त्याला."