दाराजवळ सुकत ठेवलेली मांडणी

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत. एकीत कपडे वाळतात, दुसरीत माझं लाकूड राहतं. 'पडलेलं असतं' असं माझी बायको म्हणते. पण पडलेल्या वस्तूवर कोणी ताडपत्री पांघरत नाही, आणि मी पांघरतो. पुण्याहून बदली झाली तेव्हा आमचं सामान ज्या खोक्यांतून आलं, त्यांच्या फळ्या त्यात आहेत. नोएडातल्या माझ्या ऑफिसात मोठी यंत्रं येतात, त्यांच्या खालच्या पाइनच्या पट्ट्या आहेत. त्या मी थोड्या थोड्या करून मेट्रोतून आणल्या. एकदा तपासणीच्या जवानाने विचारलं, इससे बनेगा क्या? मी म्हटलं, देखेंगे, आणि मागची रांग हसली. शिवाय द्वारकेत कोणी ना कोणी कायम आपलं चांगलं घर फोडून नवं करत असतं, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याशेजारी सागवानी चौकटी अनाथ उभ्या असतात. माझ्याच्याने बघवत नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली आणि बायकोने मला चहा देऊन समोर बसवलं. न मागता चहा मिळाला की मी सावध होतो.

"अहो, ओट्यावर मसाल्याच्या बरण्या ठेवायला जागा उरली नाही," ती म्हणाली. "ह्या लाकडाची त्यांच्यासाठी मांडणी करा. त्यात बरण्या बसल्या, तर तुमचं लाकूड राहील. नाही बसल्या, तर हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सगळं कबाडीवाल्याला जाईल आणि बाल्कनीत माझी वेताची खुर्ची येईल."

खुर्ची तिने पसंत करून ठेवली होती. मला फोटोही दाखवला. खुर्ची सुंदर होती, म्हणूनच मला घाम फुटला.

दिल्लीत वाढलेल्या आमच्या कॉलेजकन्येने विचारलं, मांडणी म्हणजे काय? मी रॅक म्हटलं. मग रॅकच म्हणा ना यार, असं म्हणून ती आपल्या खोलीत गेली. मातृभाषेसाठी एक छोटं भाषण माझ्याकडे तयार असतं, पण त्या दिवशी वेळ नव्हता.

मी कामाला लागलो, म्हणजे आधी व्हिडिओ बघितले. त्यांतले सगळे सुतार परदेशातले, दाढीवाले आणि शांत. त्यांच्या गॅरेजमध्ये आमच्या अख्ख्या सोसायटीत नसतील इतकी हत्यारं होती. माझ्याकडे एक करवत, एक हातोडी, सासऱ्यांनी दिलेला रंधा आणि भरपूर उत्साह. मी गोड्या मसाल्याची बरणी फळीवर उभी केली, तिच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि कानावर ती पेन्सिल अडकवून आरशात बघून आलो. अगदी सुतार दिसत होतो.

बाल्कनीत रंधा मारायला लागलो आणि दाराची बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई, सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्या हातातल्या फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा लाल झालेला होता. दिल्लीभर धूळ उडवायला बंदी आहे, भाईसाहब, आणि तुम्ही भुसा उडवताय, असं त्यांनी मला अत्यंत गोडपणे हिंदीत समजावलं. बाहेर समोरची इमारत दिसत नव्हती, सूर्य कुठे आहे याचा अंदाज बांधावा लागत होता, आणि ह्या सगळ्याला कारण मी, माझ्या सासऱ्यांचा रंधा घेऊन! मला क्षणभर फार कर्तबगार वाटलं. मी माफी मागितली आणि कारखाना बेडरूममध्ये हलवला, खिडक्या बंद करून. पुढे आठवडाभर आमच्या रजया झटकल्या की पाइनचा वास यायचा. बायको अधूनमधून फोनवर ती खुर्ची बघायची.

अखेर मांडणी उभी राहिली. तीन कप्पे. बरण्यांच्या झाकणांवरची नावं समोरून वाचता यावीत म्हणून प्रत्येक कप्पा किंचित पुढे उतरता ठेवला होता. बरण्या घसरू नयेत म्हणून पुढे आडवी पट्टी लावली. एका फळीवर छापलेला 'ही बाजू वर'चा बाण खाली तोंड करून राहिला, पण त्याने मांडणीला जरा व्यक्तिमत्त्व आलं. मुलीने चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, क्यूट आहे बाबा. कशासाठी आहे? मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

वर पॉलिशचे दोन हात मारले, तिथे गाडी अडली. त्या वासात माझा गोडा मसाला मी ठेवणार नाही, बायको म्हणाली, वास गेल्याशिवाय ही वस्तू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी. मग मी मांडणी मुख्य दाराच्या आत, भिंतीला लावून वाऱ्यावर ठेवली. जागा अनेक होत्या, हे खरं आहे. पण येणाऱ्या प्रत्येक बाईची नजर पहिल्यांदा तिथेच पडणार होती, आणि कलावंताला प्रेक्षक लागतात.

हळदीकुंकवाला पुरुषांनी घरात दिसायचं नसतं. मला बेडरूममध्ये बसवण्यात आलं आणि मुलगी दारावर पहाऱ्याला. मी दार बोटभर उघडं ठेवून बसलो, कौतुक ऐकायला.

पहिल्या आल्या त्या सेक्रेटरीबाई. दिल्लीच्या जानेवारीत बायका काळ्या साडीवर स्वेटर आणि साडीखाली चांगले जाडजूड बूट घालून येतात. दर वर्षी ते बूट बाहेर कॉरिडॉरमध्ये पसरतात, आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ह्याच बाईंचा नाव न घेता टोमणा येतो. यंदा त्या आत आल्या, थबकल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वाह भाभीजी, शू रैक!" त्या म्हणाल्या. "अब कॉरिडोर में जूते नहीं फैलेंगे।"

आणि त्यांनी आपले बूट काढून मधल्या कप्प्यात ठेवले. गोड्या मसाल्याच्या कप्प्यात.

मी उठलो. मुलीने दाराची मूठ धरली. "बाबा, लेडीज आहेत," ती कुजबुजली. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

बायको हातात करंडा घेऊन उभी होती. एकदा तिने बुटांकडे बघितलं, एकदा माझ्या दाराच्या फटीकडे. आता काय सांगणार? की तुम्ही आमच्या मसाल्यात बूट घातलेत?

"जी," ती म्हणाली, "इन्होंने खुद बनाया है।"

इतक्या वर्षांच्या संसारात माझं चारचौघांत झालेलं हे पहिलं कौतुक, आणि ते बुटांनी ऐकलं.

मग कोण थांबतंय! नोएडाहून मेट्रोने आलेल्या, गुरुग्रामहून गाडीने आलेल्या, सगळ्यांनी तिळगुळाआधी मांडणीचा मान ठेवला. पुढच्या पट्टीवर टाचा अशा टेकत होत्या की ती त्यांच्यासाठीच घडवली असावी. एकही बूट घसरला नाही. मी दाराआड तळमळत होतो, आणि लाकूड कोणतं आहे असं कोणी विचारल्यावर माझी छातीही फुगत होती.

सगळ्या गेल्यावर आम्ही तिघं मांडणीपुढे उभे राहिलो. चांगली पुसू, पुन्हा पॉलिश मारू, असं मी सुचवून बघितलं. पण जिथे पायताण बसलं तिथे आमच्या घरात हळदीची बरणी बसत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

"बसल्या बरण्या?" बायकोने विचारलं.

"नाही."

"म्हणजे मांडणी झाली नाही."

"नाही झाली," मी म्हटलं. "म्हणजे अजून करायचीच आहे. आणि करायची, तर लाकूड लागणार."

तिने ओट्यावरच्या बरण्यांकडे बघितलं, मुलीने मांडणीत पहिल्यांदाच नीट रचलेल्या आमच्या चपलांकडे बघितलं.

"पुढच्या हळदीकुंकवाच्या आत," ती म्हणाली, आणि तिळगुळाचे डबे झाकायला लागली.

तेव्हापासून मी दर रविवारी बरण्यांची मापं घेतो. घाई करून चालत नाही, हे व्हिडिओतले दाढीवालेही सांगतात. थंडी सरली तशी धुळीवरची बंदी उठली आणि समोरच्या बाईंनी आपलं चांगलं स्वयंपाकघर फोडायला काढलं. परवा बेल वाजली. सागवानाची अख्खी चौकट घेऊन त्या दारात उभ्या होत्या. भाईसाहबांच्या कामी येईल, म्हणाल्या. मी ऑफिसात होतो. चौकट बायकोने स्वतः आत घेतली आणि ताडपत्रीखाली ठेवली. घरी आल्यावर मी विचारलं, तू का घेतलीस? म्हणाली, सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत, नाही कसं म्हणायचं.

बाल्कनीत आता खुर्ची मावणार नाही. मी दोनदा मोजून बघितलं.