आगटीत गेलेली चिमी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वीची थंडी. पुण्याच्या धाकट्या जावेच्या मुलीनं, ओवीनं, शाळेच्या उपक्रमासाठी एक कागदी बाहुली करून आमच्या गावी पोस्टानं पाठवली. वीतभर उंचीची, दोन वेण्यांची. नाव चिमी. पाहुणी म्हणून तिला दिवसभर हिंडवायचं, फोटो काढायचे आणि परत पाठवायची — एवढंच काम.

आम्ही तिला शेतावर नेलं. हुरड्याचे दिवस. आणि सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणते — त्या दिवशी लहान मूल झाल्या. चिमीला शेळीच्या पाठीवर बसवलं, ज्वारीत लपवून मला शोधायला लावलं. हुरड्याचा दाणा तिच्या ओठांशी नेऊन म्हणाल्या, "खा की गं बाई, लाजतीस कशाला?"

तुम्हाला वाटेल, किती गोड. मलाही वाटायला हवं होतं, नाही का? पण मला दुसरंच आठवत होतं. दुसऱ्यांदा माझं मूल पोटातच गेलं, मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा याच आत्या बायकांनी भरलेल्या ओसरीवर म्हणाल्या होत्या, "हिच्याजवळ काय टिकत न्हाय." माझ्यासाठी ज्यांच्याकडे एक मऊ शब्द नव्हता, त्या आता कागदाला भरवत होत्या.

चिमीला पोत्यावर ठेवून त्या हात धुवायला विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडे गेल्या. मी तिला उचललं आणि आगटीत — कणसं भाजायच्या निखाऱ्यांत — टाकलं. भर्रकन जळून गेली. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

"चिमी कुटं हाय?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्हीच नेली की बरोबर."

"मी?"

"व्हय. पदरात धरून."

ऊन उतरेपर्यंत त्या ज्वारीची ताटं बाजूला सारत, पाटात वाकून शोधत होत्या. मग फोनवर ओवीची माफी मागताना रडल्या. तिथं तरी मी थांबायला हवं होतं — थांबले नाही. पुढं मीच त्यांचा चष्मा हलवून ठेवायचे, औषधाची डबी दुसऱ्या फडताळात सरकवायचे. "मीच ठिवलं व्हय गं हितं?" त्या विचारायच्या. मी "हो" म्हणायचे. वर्षभरात त्या मला विचारल्याशिवाय चहात साखरही घालेनात.

शेवटी नवरा म्हणाला, सोलापूरला दाखवून आण. डॉक्टरांनी त्यांना बरंच काही विचारलं, तपासलं. मग आत्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टर मला म्हणाले, "आजींची स्मरणशक्ती उत्तम आहे. निर्धास्त राहा म्हणावं."

बाहेर आले. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हनले?"

"वयानं होतं, म्हणाले. आता एकटीनं कुठं जायचं नाही."

त्यांनी मान हलवली, आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला. अजून धरतात.