बोट न मिळालेला साहेब

घोडेगावच्या पश्चिमेला डोंगर चढत गेलं की भातखाचरांच्या मधोमध एक दगडी चौथरा लागतो. त्याच्याखाली शंभराहून जास्त वर्षं एक इंग्रज आरमारी अधिकारी झोपलेला आहे. तिथून कुठल्याही बाजूला बघा, समुद्र दिसत नाही. मला त्या माणसाचा पहिल्या आठवड्यापासून राग होता.

मी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडची, लोणीची. आमच्या संघटनेने मला चौथऱ्याजवळच्या वाडीत पाठवलं ते लोकांना रस्ता, पाणी आणि रेशनसाठी उभं करायला. त्याआधी चार वर्षं मी पत्रकंच लिहीत होते. पत्रकात एक सोय असते, समोरचा उलट बोलत नाही. वाडीत सगळेच उलट बोलायचे, आणि तेही हसत हसत.

मी जिच्या घरी राहायचे त्या मावशीने मला तिथली एक रीत पहिल्यांदा दाखवली. वाडीत कुणालाही सरकारात अर्ज द्यायचा असला, की तो आधी चौथऱ्यापाशी जाऊन साहेबाला मोठ्याने वाचून दाखवायचा. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, चप्पल काढायची, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं म्हणायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने तोंडपाठ करून जायचं. मध्ये अडखळलं तर अर्ज कच्चा, घरी जाऊन दुरुस्त करून आणायचा. बिस्किटं अर्थातच वाचणारा परत घेऊन जायचा. साहेबाचा आत्मा त्या बाबतीत फारच समजूतदार होता.

माझं डोकं फिरलं. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्यातल्या एका मेलेल्या माणसापुढे, स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाल्यावर, अनवाणी उभं राहून रस्त्यासाठी अर्ज वाचायचा? मी मावशीला सरळ विचारलं, हा तुमचं ऐकतो तरी का?

“ऐकतुया की,” मावशी म्हणाली. “मदी उठून च्याला जात न्हाई. फोन घेत न्हाई. उद्या या म्हनत न्हाई. हापिसात आसं बसून कोन ऐकतंय, तूच सांग.”

उत्तर नसलं की मी पत्रक काढते.

मावशीची मुलगी त्याच वर्षी अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली होती. वसतिगृहाच्या यादीत तिचा नंबर आला नाही, त्यामुळे रोज जाऊन-येऊन करायची. पूर्वी वाडीत एसटीची मुक्कामी गाडी असायची, संध्याकाळी येऊन पहाटे परत जाणारी. एका पावसाळ्यात रस्त्यातल्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली तेव्हा ती बंद झाली. मोरी पुन्हा झाली, गाडी काही आली नाही. आता खाली जायला एक जीप, ती भरल्याशिवाय हलायची नाही, आणि पोरीची पहिली दोन लेक्चरं रोज बुडायची. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजने तिला बजावलं होतं. हातात फार तर महिना होता. वर्ष गेलं असतं, तर मामाने तिला घरी बसवून स्थळं बघायला घेतली असती. ते त्याने बोलूनच दाखवलं होतं.

तर ही मुलगी जीप भरायची वाट बघत मोबाईलवर माझ्यासाठी साहेब शोधायची. चौथऱ्यावरच्या झिजलेल्या पाटीवर कागद धरून आम्ही कोळसा घासला, नाव उमटलं. विलायतेतल्या दप्तरात जुन्या आरमारी अधिकाऱ्यांची सेवापुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात, त्यात हा सापडला. पान तिरप्या अक्षरांनी भरलेलं, प्रत्येक कप्तानाचा शेरा. ते अक्षर लावायला आम्हाला दहा दिवस लागले, आणि लावता लावता मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण साहेब पार फुसका निघाला.

तेराव्या वर्षी आरमारात शिकाऊ म्हणून भरती. मोठं जहाज हललं की ओकायचा, हे दोन वेगवेगळ्या कप्तानांनी लिहून ठेवलेलं. पुढे लेफ्टनंट होऊन इराणच्या आखातात गेला, चोरट्या बंदुका नेणारी गलबतं अडवायला. तिथे त्याने मोठ्या शौर्याने एक गलबत पकडलं, ते खजुराचं निघालं. मग एका बंदराच्या तोंडाशी, भर दुपारी, स्वच्छ हवेत, त्याने सरकारी लाँच वाळूत घातली. स्वतःच्या हाताखाली एखादं जहाज मिळावं म्हणून त्याने तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा नामंजूर. शेवटी मुंबईच्या गोदीत दोरखंड आणि रंगाचे डबे सांभाळायला बसवला. तिथे तापाने धरलं, हवापालटाला आमच्या डोंगरात पाठवला, आणि तो चाळिशीच्या आत इथेच गेला.

एक शेरा मी पत्रकात घेतला नाही. हा अधिकारी वरिष्ठांकडे लेखी तक्रारी फार करतो, खलाशांच्या पाण्यावरून आणि पावावरून हुज्जत घालतो, असा तो होता. मुलीच्या ते लक्षात आलं.

“ताई, हे का गाळलं?”

मी म्हणाले, जागा नव्हती. तिने पत्रकाच्या तळाशी मोकळ्या सोडलेल्या चार बोटं जागेकडे पाहिलं.

पत्रकाला मी मथळा दिला, ‘गुलामीचा चौथरा: एका नालायक अधिकाऱ्याची कारकीर्द’. घोडेगावात एक झेरॉक्सचं दुकान आहे. शेठ मूळचे मारवाडातले जैन, पण तीन पिढ्या इथेच, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांनी पत्रक वाचून सांगितलं, ताई, मजकूर कडक आहे, पण तुम्ही ह्या माणसाला शिव्या देताय की त्याची कीव करताय ते शेवटपर्यंत कळत नाही. मी त्यांना फक्त प्रती काढायला सांगितल्या.

वाडीत पत्रक घरोघर गेलं. कुणीतरी ते चौथऱ्यापाशीच मोठ्याने वाचलं, आणि वाडी हळहळली. तीनदा अर्ज नामंजूर! एका म्हाताऱ्याने मला थांबवून विचारलं, “आन् येकदा बी बोट न्हाई दिली? लई वंगाळ केलं राव.” दुसऱ्या दिवशी चौथरा सारवलेला होता. बिस्किटांच्या जोडीला आता आल्याचा तुकडा ठेवू लागले, उलटीवर चांगला म्हणून. तोवर नुसता साहेब होता, मी त्याला आपल्यातला करून दिला.

मी चिडून मोर्चाची भाषा सुरू केली. गाडीसाठी रास्ता रोको, डेपोला घेराव. मावशी म्हणाली, आधी अर्ज देऊ, मग तुझं काय ते. तिने मुलीकडून अर्ज लिहून घेतला, रीतीप्रमाणे चौथऱ्यापाशी दोनदा म्हटला आणि शेठकडे प्रती काढायला गेली. अर्जाला काहीतरी जोडायचं असतं एवढं तिला माहीत होतं, ‘सोबत’ लिहून खाली कागद लावलेले तिने पाहिले होते. तिच्याजवळ छापलेला कागद एकच होता. तिने शेठकडून माझं पत्रक अर्जाला टाचून घेतलं.

हे मला कळलं डेपोतल्या साहेबांच्या टेबलापुढे, जेव्हा त्यांनी अर्ज उलटला आणि ‘नालायक अधिकाऱ्याची कारकीर्द’ मोठ्याने वाचली. मला वाटलं, संपलं, पोरीचं वर्ष माझ्या मथळ्याने गेलं.

ते शांतपणे दोन्ही बाजू वाचत बसले. मग मावशीला विचारलं, ह्याचा गाडीशी संबंध काय?

मावशी अजिबात अडखळली नाही. “सायेब, त्याला बोट दिली न्हाई, आमाला गाडी देत न्हाई. त्यो बिचारा मेला. माजी पोरगी जित्ती हाय, तिची परीक्षा हाय.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पत्रकातल्या तीन अर्जांच्या ओळीवर बोट ठेवलं. आपलीही बढती दोनदा राहिली, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले. मग मला अपेक्षित नव्हता असा प्रश्न त्यांनी विचारला.

“गाडी देतो. ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठं? मागच्या वेळी शाळेच्या खोलीत उंदरांनी त्यांचे डबे फोडले. दोघांनीही पुन्हा तिथं मुक्कामाला जायला नकार दिला.”

मोरी झाली तरी गाडी का नाही, यावर मी तीन पत्रकं काढली होती. गाडीवरची माणसं रात्री झोपतात, हे एकाही पत्रकात नव्हतं.

मावशीने लगेच सांगितलं, खोली आहे, कोरडी आहे, पत्रा नवा आहे, दार आतून लागतं. मी मान डोलावत होते. मग लक्षात आलं की वाडीत अशी खोली एकच आहे आणि तिच्यात माझी गादी, माझी पुस्तकं आणि पत्रकांचे गठ्ठे आहेत.

“पंधरा दिवस चालवून बघू,” साहेब म्हणाले. “खोलीचं नक्की ना?”

मावशी माझ्याकडे बघत राहिली.

“नक्की,” मी म्हणाले.

माझं मत बदललेलं नाही. मेलेल्या अधिकाऱ्याला अर्ज वाचून दाखवणं चूक आहे, आणि हे मी वाडीत अजूनही सांगते. पण त्या टेबलापुढे मावशी जे बोलली ते घरी बसून बोलता येत नाही. त्यासाठी आधी कुणापुढे तरी उभं राहून बोलून बघावं लागतं. आमच्या संघटनेच्या शिबिरात ह्यासाठी वेगळा तास असतो, आणि त्यात आम्ही सगळे खुर्चीवर बसलेले असतो.

गाडी सोमवारी संध्याकाळी आली. कंडक्टरने माझी खोली पाहून पंखा नाही का असं विचारलं. मी माळ्यावर भाताच्या पोत्यांवर अंथरूण घातलं. तिथे नीट ताठ बसताही येत नाही. पहाटे ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा माळ्याची फळी थरथरली आणि अंगावर भुसा पडला. खाली उतरून बघते तर मुलगी पहिल्या बाकावर बसलेली, ओले केस, मांडीवर दप्तर. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. चहा घेऊन जा म्हटलं तर खाली उतरेना.

“ताई, तू पी,” ती खिडकीतून म्हणाली. “मी उतरले आणि ही गेली तर?”