राणीचा रंग

नाटकं विसरली जातात हो, तालमीतले किस्से मात्र चिकटून बसतात. एक आठवला की मागून दुसरा येतो आणि त्यातले काही अजूनही टोचतात. सत्तरच्या दशकात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं हौशी नाट्यमंडळ जमायचं. मी प्रॉम्प्टर. म्हणजे सगळ्यांचे संवाद पाठ, पण स्टेजवर पाऊल नाही! तेव्हा विंगेतून जेवढं दिसलं, तेवढं सांगते.

*

शकू धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. माहेर कुहीकडच्या खेड्यातलं. रंगानं काळी, आवाज खणखणीत. तीन वर्षांत तिनं मोलकरीण केली, चेटकीण केली, भिकारीण केली.

चौथ्या वर्षी आमचे दिग्दर्शक नाना म्हणाले, "शकू, यंदा तुला मोठा रोल!"

"कोणता, नाना?"

"मोलकरीणच. पण तिन्ही अंकांत आहे!"

सगळे हसले. शकूही हसली, पण उशिरा.

*

त्या मोलकरणीचं मूल मरतं, असा प्रसंग होता. शकूनं तो आपल्या बोलीत बसवला. प्रयोगात ती रिकाम्या पाळण्याजवळ बसली आणि म्हणाली, "काहून गेला गा तू?"

'का'च्या जागी 'काहून' ऐकलं आणि अख्खा हॉल खो खो हसला! आपलंच नागपूर, घरी सगळे तेच बोलतात, आणि स्टेजवर आलं की विनोद.

मी विंगेतून पुढचं वाक्य सांगत होते. शकू ऐकेचना. ती तशीच बसून राहिली. हसू पार विझू दिलं. मग अगदी हळू, तेच वाक्य पुन्हा.

"काहून गेला गा तू?"

या वेळी कोणी खोकलंसुद्धा नाही.

*

डॅनियल केनियाहून इथल्या कॉलेजात शिकायला आलेला. खोली मिळेना म्हणून बिचारा गावभर हिंडला. घरमालक म्हणायचे, "खोली गेली", आणि 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच लटकलेली! शेवटी आमच्या एका नटानं त्याला घरी ठेवून घेतलं, आणि तो तालमीला यायला लागला.

त्याला बघताच नाना खूश. "चला, आपल्या राक्षसाचा प्रश्न सुटला!"

डॅनियल नागपुरी हिंदी झकास शिकला होता. त्यानं शांतपणे विचारलं, "सर, यहाँ राक्षस काला होता है?"

"अर्थात!"

"मेरी दादी की कहानी में भूत सफ़ेद होता है." आणि नानांच्या गोऱ्यापान चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाला, "आप हमारे गाँव आओ, सर. मेकअप का खर्चा नहीं!"

 तिसऱ्या दिवशी नानांनी राक्षसाचा रोल स्वतःकडे घेतला आणि डॅनियलला लाइट्सवर बसवलं.

*

पुढच्या वर्षीच्या नाटकात लढवय्यी राणी होती. प्रयोग आठवड्यावर आला आणि राणी करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं. सासरच्यांना नाटक चालेना. मला सोडलं तर संवाद पाठ असलेली एकच बाई उरली, शकू.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपवाले काका पांढरट रंगाची ट्यूब घेऊन तिच्यासमोर बसले. शकूनं त्यांचा हात धरला. "नका लावू, काका."

नाना धावत आले. "अगं, राणी काळी कशी चालेल? लोक काय म्हणतील?"

"नाना, तीन अंक घोड्यावर बसून उन्हात लढून राहिली ना ती? मंग गोरी काहून राहीन?"



नाना येरझारा घालायला लागले. बाहेर तिसरी घंटा झाली. तेवढ्यात डॅनियल आत डोकावला. "सर, लाइट अब तक गोरे चेहरे के लिए लगाते थे. आज मैं बदल दूँ?"

नानांनी ट्यूब उचलली, स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "बदल."

शकू एन्ट्रीला आली तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. पहिल्या अंकाअखेर तिथूनच टाळ्या आल्या.

*

प्रयोगानंतर मेकअपरूममध्ये गर्दी झाली. एक बाई सहा-सात वर्षांच्या सावळ्या मुलीला घेऊन आल्या. शकू अजून राणीच्याच वेशात होती.

"काय सुंदर काम केलंत हो!" बाई म्हणाल्या. "पण एवढा काळा रंग कशाला लावलात? निघतो ना घरी गेल्यावर?"

  शकूनं वाकून आपला हात त्या मुलीपुढे धरला.

मुलीनं बोट जिभेला लावलं आणि शकूच्या मनगटावर घासलं. बोट पाहिलं. पुन्हा जोरात घासलं, पुन्हा पाहिलं. मग आईकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आनंदानं ओरडली,

"आई, यांचाही नाही निघत!"