ताईचे सहा थेंब

ती बाटली मला ताईच्या फ्रीजमध्ये सापडली, दाराच्या कप्प्यात, कोकमाच्या सरबतामागे. सापडली असं मी म्हणते. ताईच्या मते मी ती शोधून काढली. तिचंही चुकत नाही. भांडुपला तिच्याकडे गेले की मी पाणी प्यायचं म्हणून फ्रीज उघडते आणि मग आत काय काय आहे ते बघत उभी राहते. ही माझी जुनी खोड आहे आणि तिच्यापायी मी भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

बाटली लहानशी, तपकिरी काचेची, झाकणालाच ड्रॉपर जोडलेला. लेबलवर बारीक अक्षरांत बरंच काही आणि मधोमध एकच मोठा शब्द: विजया. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, मालकिणीचं नाव असेल. मला तो शब्द चांगला माहीत होता. आयुर्वेदात भांगेच्या झाडाला विजया म्हणतात.

माहीत असायला कारणही तसंच होतं. मुलुंडहून रोज जाऊन-येऊन मी तीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली. पोलीस माल पकडायचे, त्यातला थोडा नमुना सीलबंद पाकिटातून आमच्याकडे यायचा आणि हा गांजा आहे की नाही ते आम्ही सांगायचं. आधी सील बघायचं, मग वजन, मग वास, मग सूक्ष्मदर्शकाखाली पानावरची लव, मग रसायन टाकून रंग. कोर्टात साक्षीला गेलं की वकिलाचा प्रश्न ठरलेला असायचा: मॅडम, पानं होती की शेंडे? कारण कायद्याने फुलांचे शेंडे म्हणजे गांजा आणि नुसती पानं असतील तर तो गांजा नाही. एकाच झाडाचा एक भाग माणसाला तुरुंगात नेतो आणि दुसरा शिवरात्रीला थंडाईत पडतो. हे मी इतक्या वेळा शपथेवर सांगितलंय की त्यात काही विचित्र आहे असं मला वाटेनासंच झालं होतं.

ताईला त्याच्या सहा महिने आधी नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण डाव्या कुशीपासून पाठीपर्यंतची आग काही गेली नाही. ब्लाउजचं कापड लागलं तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तिला दिवसभर गुंगी यायची आणि एकदा ती मोरीत पडली. तेव्हापासून गोळ्या अर्ध्यावर आल्या आणि आग पूर्ण राहिली. एक गोष्ट आज कबूल करते. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे मला मधूनमधून तिच्या दुखण्याचाही संशय यायचा.

बाटली हातात धरूनच मी भाचीला फोन लावला. ताईची ही एकुलती एक मुलगी. पवईला एका ऑफिसात नोकरी करते आणि आईजवळच राहते.

"हे काय आणून ठेवलंयस घरात?"

"मावशी, लीगल आहे ते. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन आहे."

"कुठला डॉक्टर?"

"आयुर्वेदिक. व्हिडिओ कॉलवर बोललो ना आम्ही. वीस मिनिटं बोलला तो आईशी. त्या मोठ्या डॉक्टरने दोन मिनिटं तरी दिली होती का?"

"त्याने पाठ बघितली?"

"यार मावशी, तू पण ना! रिटायर झालीस तरी चौकशी चालूच. आईला बरं वाटतंय, अजून काय पाहिजे तुला?"

मला काय पाहिजे होतं ते मी तिला फोनवर सांगू शकले नाही. आमच्याकडे गांजा म्हणून आलेल्या पुड्यांत मी वाळलेला कुठलाही पाला पाहिला होता. लेबलवर काय लिहिलंय आणि बाटलीत काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. शिवाय माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी एक बाई होती. ती दिवसभर आमच्यासारखीच गांजाचे नमुने तपासायची आणि महिन्यातून एकदा अर्धी रजा टाकून धाकट्या भावाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायची. कॉलेजात असल्यापासून तो रोज ओढायचा. पुढे त्याला भिंतीतून कुणीतरी बोलतंय असं ऐकू यायला लागलं. गांजामुळे झालं की होणारच होतं, हे डॉक्टरही तिला छातीठोकपणे सांगत नव्हते. पण तिचा तो चेहरा पाहिल्यावर "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला मी दारातसुद्धा उभं करणार नाही.

त्याच दिवसांत टीव्हीवर गांजा कायदेशीर करावा की नाही यावर चर्चा चालल्या होत्या. एक जण म्हणे ते अमृत आहे, परदेशात बघा. दुसरा म्हणे पिढी बरबाद होईल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर एकाच गृहस्थांनी एकाच सकाळी दोन्ही बाजूंचे व्हिडिओ पाठवले. मला दोघांचाही संशय यायचा. अमृतवाल्याला काहीतरी विकायचं असणार आणि बरबादीवाल्याने आयुष्यात ते झाड पाहिलेलं नसणार. आणि दोघेही सारखे म्हणायचे, "रुग्ण स्वतः सांगतात". रुग्ण सांगतात हा काय पुरावा झाला? मी टीव्हीशी मोठमोठ्याने भांडायचे.

मग भाचीला ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस बंगळुरूला जावं लागलं. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला ड्रॉपरमधून पडणारे थेंब मोजता येत नाहीत. सकाळी आठला सहा आणि संध्याकाळी सहाला सहा, जिभेखाली, असं होतं ते. भाचीने मला विचारलं, "मावशी, तू देशील ना? नीट देशील ना?" मी म्हटलं, तीस वर्षं थेंबच मोजलेत मी.

प्रयोगशाळेत नमुन्याबरोबर नेहमी एक ब्लँक लावतात. म्हणजे सगळं तेच करायचं, तीच नळी, तेच रसायन, फक्त नमुना घालायचा नाही. त्यातही रंग आला तर समजायचं की चूक आपल्या पद्धतीत आहे. ब्लँक लावल्याशिवाय रिपोर्टवर सही करणाऱ्याला आमच्याकडे कुणी विचारत नसे. मी ताईला ब्लँक लावायचं ठरवलं.

अवघड काहीच नव्हतं. ताई बाटल्या फेकत नाही. पहिल्या महिन्याची रिकामी बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत धुऊन पालथी घातलेली होती. लेबलप्रमाणे औषध तिळाच्या तेलातच बनवलेलं. मी माझ्या घरचं तिळाचं तेल त्या रिकाम्या बाटलीत भरून तिच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि खरी बाटली पर्समध्ये घालून मुलुंडला नेली. हे करताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट, घरात एक तरी माणूस डोकं ठिकाणावर ठेवून वागतोय, असं वाटलं.

रोज सकाळी साडेसातला मी रिक्षाने भांडुपला पोहोचायचे. सहा थेंब द्यायचे, जेवण दोघींचं, दुपारी ती आडवी व्हायची, मी पेपर वाचायचे, सहाला पुन्हा सहा थेंब आणि मग वही उघडायची. "ताई, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. आज किती?" भाचीही हेच विचारायची आणि खरं औषध चालू असताना ताई तिला चार सांगायची. माझ्या पहिल्या दिवशीही चारच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी म्हणाली, "तीनपेक्षा पण कमीच असेल, अडीच लिही." नुसत्या तिळाच्या तेलावर अडीच! मी रिक्षात बसून एकटीच हसत होते. भाचीला काय काय सुनवायचं त्याची वाक्यं मी मनात तयार करत होते.

आणि याच दिवसांत ताई खुर्चीला पाठ टेकत नव्हती. स्टुलाच्या कडेवर बसून जेवायची. ब्लाउज सोडून भावोजींच्या मागे राहिलेला त्यांचा जुना, धुऊन धुऊन विरलेला सदरा घालायला लागली होती. दुपारी ती आडवी व्हायची, पण मी आत डोकावले की डोळे उघडेच असायचे. हे सगळं मला दिसत होतं. वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते लिहिलं नाही.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. ताई पंख्याखाली बसून कोथिंबीर निवडत होती. मी चष्मा लावला, वही उघडली आणि सगळे आकडे वाचून दाखवले. मग म्हटलं, "ताई, आठ दिवस तू नुसतं तिळाचं तेल घेतेयस. औषध माझ्या घरी आहे."

तिने मान वर केली नाही. ताई एरवी आपल्या सगळ्यांसारखं मुंबईचं मराठी बोलते, पण आतलं काही बोलायचं झालं की आईची मालवणी येते तिच्या तोंडात.

"माका ठाऊक असा," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पयल्याच थेंबाक कळला. ता औषध कडू लागता गो, घशात चरचरता. ह्या आपला घरातला तेल."

मला आधी राग आला. प्रयोग फुकट गेल्याचा राग. माणसाला माहीत असेल तर ब्लँकला काही अर्थच उरत नाही. मी चिडूनच विचारलं, "मग बोलली का नाहीस? आणि हे तीन, अडीच काय सांगत होतीस?"

"तीन म्हटला की तुझो चेहरो फुलायचो." तिने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली. "आणि तू रोज येत होतीस. ह्याच्याआधी कधी आठ दिवस लागोपाठ आलीस गं माझ्याकडे? सहा महिने मी इकडे जळतेय. तू यायचीस, फ्रीज बघायचीस आणि जायचीस. आता निदान बसून विचारत होतीस, आज किती."

मी वही मिटली. मग मी अगदी बावळटासारखं विचारलं, "खरं किती होतं?"

"आता कित्याक इचारतंस?"

त्याच संध्याकाळी मी रिक्षाने मुलुंडला जाऊन खरी बाटली घेऊन आले. थेंब दिले. तिने निमूट घेतले. दोन दिवसांनी भाची परतली तेव्हा ताई तिला काहीच सांगणार नव्हती, मीच सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ती एवढंच म्हणाली, "मावशी, माझ्या आईवर?" आणि आत जाऊन बॅग रिकामी करायला लागली. तिच्या ओरडण्याची मी अजून वाट बघतेय.

ते औषध खरंच लागू पडतं का, हे मला आजही माहीत नाही. जी बाई माझा चेहरा फुलावा म्हणून अडीच सांगते, ती लेकीने एवढ्या काळजीने आणलेल्या बाटलीला चार म्हणणारच. कदाचित ते चारही खोटे असतील, कदाचित अगदी खरे. टीव्हीवर अजून चर्चा होतात. "रुग्ण स्वतः सांगतात" हे वाक्य आलं की पूर्वी मी भांडायचे, आता आवाज बंद करते. ती वही मी फाडून टाकली आणि त्याने मला काही बरं वाटलं नाही.

मी अजूनही जवळजवळ रोज जाते. ताई माझ्याशी नेहमीसारखी बोलते, चिडवते, माझ्या हातचा चहाही पिते. पण गेल्या आठवड्यात पवईच्या रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलं आणि भाचीचा फोन आला की उशीर होईल. सहा वाजले होते. ताई स्टुलाच्या कडेवर बसली होती, सदऱ्याचं कापड दोन बोटांनी कुशीपासून वर उचलून धरून. मी फ्रीजमधून बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ड्रॉपर तिच्यासमोर धरला.

"रवांदे गो," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. "ती येईल तेव्हा घेईन."

"ताई, ही खरीच आहे. तुझी शपथ."

"असेल गं. कोण नाही म्हणतंय?"

मी झाकण लावून बाटली परत ठेवली आणि तिच्यासमोर बसले. सात वाजले, मग आठ. मध्ये तिने मला टीव्ही लावायला सांगितला, पण दोघींपैकी कुणी बघत नव्हतं. तिच्या कपाळावर घाम होता, तरी धरलेला सदरा तिने खाली सोडला नाही. साडेआठला भाची आली, हात धुऊन तिने बाटली घेतली, आणि ताईने लगेच तोंड उघडलं.