उंबऱ्यावरची गोष्ट

बाई, तू प्रेमळ नव्हतीस. तुझ्या शोकसभेत डिपार्टमेंटनं जे काही माया-ममता-वात्सल्य लावलं होतं, ते ऐकताना मला खुर्चीत नीट बसवेना. एकानं तर सांगितलं, विद्यार्थ्यांना तू आईसारखी होतीस. ज्यांची प्रकरणं तू पेन्सिलीनं आडवी कापून परत दिलीस आणि ज्यांनी तुझं नाव 'कात्री' ठेवलं, ते सगळे मागच्या बाकांवर बसून माना डोलावत होते. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायला कुठे रेफरन्स द्यावा लागतो!

म्हणून मी लिहिते. अख्खी नोकरी मी पोरांना संख्याशास्त्र शिकवत तुझ्या समोरच्या टेबलाशी काढली. तुझ्या नवऱ्यानंही तुला इतकं पाहिलं नसेल. त्याच्या वाट्याला तू संध्याकाळीच यायचीस, तीही उरलीसुरली.

तू डोंगरातली. तुमच्या आदिवासी वस्तीतून खाली शिकायला आलेली पहिली मुलगी. दुधाचे दात पडायच्या वयात तुला वसतिगृहात आणून टाकलं. तिथे तुमची भाषा तोंडातून निघाली की जेवायला सगळ्यांत शेवटी बसवायचे, आणि शेवटी बसणाऱ्याला भांड्याच्या तळाशी जे असेल ते. तू मला हे एकदाच सांगितलंस, तेही मी डबा अर्धवट टाकला म्हणून माझ्यावर खेकसताना.

कॉलेजात असताना तू एका मोठ्या प्रोफेसरांची दुभाषी झालीस. त्यांना तुमच्या झऱ्याची गोष्ट हवी होती. तुमच्या म्हाताऱ्या बायकांनी ती सांगितली, तू भाषांतर केलंस, त्यांनी जाडजूड पुस्तक छापलं. पुढे कँटीनमध्ये तू मला हा किस्सा सांगितलास तेव्हा हसता हसता चहा तुझ्या नाकात गेला होता.

"अगं, त्याला उंबऱ्यावरची दिली त्यांनी!"

"म्हणजे?"

मग तू समजावून सांगितलंस. तुमच्याकडे नव्या माणसानं काही विचारलं की पहिल्यांदा त्याला मुद्दाम चुकीची गोष्ट देतात. ती उंबऱ्यावरची. त्यात काहीतरी ठळक खोटं असतं. खरी गोष्ट आतली. ती मिळवायची तर त्या बायकांबरोबर गुडघाभर चिखलात उतरून झऱ्याचा गाळ काढायचा. काढता काढता आपलं आपल्याला कळतं की सांगितलेलं इथे बसत नाही. मग आपण होऊन म्हणायचं, आता आतली सांगा. मग सांगतात. आणि कुणी आधी सुचवायचं नाही. जो सुचवेल त्याला त्या बायकांत पुन्हा बसायला जागा नाही.

"छान आहे की," मी म्हणाले होते. "आमच्या एम.ए.च्या पोरांनाही असंच करायला हवं."

याच रीतीवर तू नाव कमावलंस. आदिवासींवर संशोधन बास झालं, आता आदिवासींच्या रीतीनं संशोधन करा, असं तू प्रत्येक सेमिनारात ठणकावून सांगायचीस. तू गाईड असलेला प्रत्येक प्रबंध सबमिशनच्या आधी ज्या वस्तीतला आहे तिथे मोठ्यानं वाचला जाई. वस्तीतल्या माणसांनी नको म्हटलेलं पान जागच्या जागी काढलं जाई. एचओडी चिडायचे.

"मॅडम, तुमच्या वस्तीलाच आपण कमिटीवर घेऊ या का?"

"घ्या ना. निदान वाचून तरी येतील."

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी नुसती विष ओकते.

मग तुझी भाची आली. तुझ्या मावसबहिणीची मुलगी. तीही लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, तुमची भाषा अडखळत बोलणारी, पण जिद्दीची. घरी ती तुला मावशी म्हणायची, डिपार्टमेंटमध्ये मॅडम. विषय तिनं कुठला घ्यावा? तुमचा झरा. वस्तीतल्या बायका त्या पाण्याची वाटणी कशी करतात, आणि त्यामागची गोष्ट. सुटीत वर जाऊन शाळेच्या खोलीत राहिली, म्हाताऱ्या बायकांना अंगणात बसवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आली. झरा तिनं पाहिला तो दगडी फरशांनी झाकलेला. वर्षभर तो तसाच झाकलेला असतो, उघडतात ते फक्त गाळ काढताना.

तिचं दुसरं प्रकरण वाचताना तुझ्या ओठांचा कोपरा हलला. मी विचारलं, काय झालं?

"पोरीला उंबऱ्यावरची दिलीय."

गोष्टीत एक म्हातारा होता. तहानलेल्या लेकीसाठी त्यानं कुऱ्हाडीनं खडक फोडला आणि पाणी निघालं. भाचीनं त्यावर पुरुषाचे श्रम आणि बाईचं पाणी अशी अख्खी इमारत उभी केली होती. पाया, मजले, गच्ची, सगळं. मांडणी इतकी सुरेख होती की मलाही पटली.

"तिथे खडकच नाही," तू म्हणालीस. "प्रोफेसरांना हीच दिली तेव्हा बायकांनीच मला सांगितलं होतं हसत हसत. नुसती माती आहे."

"मग सांग तिला!"

"सांगता येत नाही. रीत माहीत आहे ना तुला?"

रीत मला मान्य होती. पण वाचन व्हायचं होतं त्याच वस्तीत. ते खोटं ती त्याच बायकांसमोर मोठ्यानं वाचणार, आपल्याच माणसांत तिची शोभा होणार. त्याआधी तिचं तिला कळायला हवं होतं, एवढाच प्रश्न होता. आणि वाट उघडी होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळ काढायचं काम निघणार होतं.

ती स्वतःच आली विचारायला. मी समोर बसले होते.

"मॅडम, आठवडाभर वर जाऊ का? झरा उघडतायत. आजीनं बोलावलंय."

"हजेरी बघितलीस तुझी?"

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात."

"मग मागच्या वर्षीपासून सुधारायची होती."

"मावशी, प्लीज."

"इथे कोण मावशी?"

ती गेली. जाताना दार तिनं इतकं हळू लावलं, की आपटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मी तुझ्या टेबलाशी येऊन उभी राहिले. "सांगायचं नाही, समजलं. पण जाऊ द्यायला काय धाड भरली होती?"

"नियम आहे."

"कसला? हजेरीचा? तू? पावसात भिजलेल्या पोरांना घरी पाठवून हजेरी लावणारी तू?"

तू पेन्सिलीला टोक करत राहिलीस. टोक कधीच झालं होतं.

"मला कुणी जाऊ दिलं होतं?" तू म्हणालीस.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वसतिगृह तुला घरी सोडायचं परीक्षा संपल्यावर, तोवर गाळाचं काम आटपलेलं. प्रोफेसरांबरोबर गेलीस तेव्हा तू पाहुण्याची दुभाषी. दुभाष्याला कोण चिखलात उतरवतो? पुढे नोकरी, सेमिनार, परिषदा. त्या झऱ्यात तुझा हात कधी गेलाच नव्हता. आतली गोष्ट तुलाही ठाऊक नव्हती. साऱ्या जगाला जिचा दाखला दिलास त्या रीतीच्या उंबऱ्यावरच तू म्हातारी झालीस. आणि कालची पोर आठवडाभरात आत जाणार होती. तुझ्या पोटात दुखलं, बाई. साध्या मराठीत याला एवढंच म्हणतात.

"तुला ती आत जायला नकोय," मी म्हणाले.

"तू संख्याशास्त्र शिकव," तू म्हणालीस.

वाचनाला वर गेलो ते माझ्या गाडीतून. भाची मागे, मांडीवर सुतळीनं बांधलेली प्रबंधाची पानं, वाटभर पुटपुटत सराव करणारी. तू पुढे बसून डुलक्या काढल्यास, किंवा तसं सोंग केलंस.

शाळेची खोली भरली होती. म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोरंटोरं दारात. ती तुमच्या भाषेत वाचू लागली, अडखळत, पण स्वच्छ. मला समजत नव्हतं, चेहरे समजत होते. म्हातारा कुऱ्हाड उचलतो तिथे दारातली पोरं फिसकन हसली. ती खूश झाली. तिला वाटलं, रंगलंय. तिनं आवाज चढवला, खडक फोडला तेव्हा हातानं कुऱ्हाडीचा घाव घालून दाखवला. भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांनी तोंडावर हात धरले. एकीला हसू आवरेना, ती शेजारणीच्या खांद्यात तोंड खुपसून गदगदा हलत राहिली. भाची अजून वाचतच होती. एका लहान पोरीनं तिच्यासारखाच हवेत घाव घातला आणि सगळी खोली फुटली.

तेव्हा तिचा आवाज थांबला.

तिची आजी, सगळ्यांत म्हातारी, तिनं डोळे पुसत काहीतरी विचारलं. तू माझ्यासाठी भाषांतर केलं नाहीस. तुझ्या पलीकडच्या बाईनं केलं, हे आणि पुढचंही: "पोरी, दोन उन्हाळे बोलावलं, आली का नाहीस?"

भाची वळली आणि तुझ्याकडे पाहत राहिली. मग सगळी खोली तुझ्याकडे पाहू लागली. आता कुणी हसत नव्हतं.

"मी गाईड आहे," तू म्हणालीस. "मी कसं सांगणार?"

"सांगायला कोण म्हणतंय?" आजी म्हणाली. "सोडायचं तरी होतंस."

मी तुला जे म्हटलं होतं तेच. फक्त तिच्या तोंडून आल्यावर तू खाली बसलीस.

भाचीनं पानं नीट लावली, गाठ मारली. बाहेर येऊन गाडीतून आपली पिशवी काढून घेतली.

"मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

"दुसरं प्रकरण वाचताना."

"म्हणजे पहिल्याच वर्षी." तिनं मान हलवली, जशी बसचं वेळापत्रक समजून घेताना हलवतात. "तुम्ही जा. मी राहते."

परत येताना मागची सीट रिकामी होती. तू म्हणालीस, "तिचं भलंच झालं बघ. आता तिला आत घेतील." मी गाडी बाजूला लावून तुला उतरवणार होते. रस्ता अरुंद होता म्हणून वाचलीस.

प्रबंध तिनं सबमिट केला, एक शब्द न बदलता. म्हातारा, कुऱ्हाड, खडक, सगळं जसंच्या तसं. "आजी म्हणाली, छापायला हीच दे," एवढं तिनं मला फोनवर सांगितलं. तुला तिनं फोन केला नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खडकाच्या प्रकरणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि गाईडचं अभिनंदन केलं. भाचीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं पापणी न लववता दिली. तू शेजारी बसून हसत होतीस. माझ्या आयुष्यात मी एवढं वाईट हसू पाहिलेलं नाही. सही तुझी, रीत तुझी, आणि खोटी गोष्ट तुझ्या नावाखाली. हल्ली पोरं त्या प्रोफेसरांचं पुस्तक आणि हा प्रबंध एकाच ओळीत उद्धृत करतात. दोन स्वतंत्र साधनं एकच गोष्ट सांगतात, म्हणजे खरीच असणार, असंही एकानं लिहिलंय. तू ते वाचलंस आणि कापलं नाहीस. काय कापणार!

ती वरच राहिली. वस्तीच्या शाळेत शिकवते. पहिल्याच उन्हाळ्यात गाळात उतरली आणि आत गेली, हे मला कळलं तसं तुलाही कळलं.

निवृत्तीनंतर तुझे गुडघे गेले, नवरा गेला, आणि एक दिवस चहाचा कप खाली ठेवत तू म्हणालीस, "तू वर जा. तिला माझ्यासाठी विचार."

"काय?"

"आतली."

"दुसऱ्याच्या तोंडून विचारलेलं चालत नाही. तूच शिकवलंस मला."

"मग मला ने."

"नेते. पण तू आधी गाळ काढणार?"

"या गुडघ्यांनी?"

"दुसरे आणलेस तर दुसऱ्यांनी."

तू चिडलीस, चारपाच दिवस बोलली नाहीस. मग तूच फोन केलास, उन्हाळ्यात जाऊ म्हणून. मी वर निरोप धाडला. भाचीचं उत्तर आलं. माझी अपेक्षा होती की ती तुला चार शब्द सुनावेल, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचेही होते. तसं काही नव्हतं. मावशीला म्हणावं, मंगळवारी झरा उघडतोय, खाली उतरता आलं नाही तर काठावर बसून ओंजळभर माती बाजूला केली तरी चालेल, आजीला विचारलंय.

मी तुला ते वाचून दाखवलं. तू दोनदा वाचायला लावलंस.

मंगळवारी सकाळी मी तुझ्या दाराशी गाडी लावली. मागच्या सीटवर तुझ्यासाठी उशी होती, जुने कपडे होते, आणि माझ्या मुलीचे रबरी बूट. हॉर्न दिला. तू खिडकीत आलीस. केस विंचरलेले, बाहेरचे कपडे घातलेले, हातात कुणाचा तरी प्रबंध.

"अगं, या मुलीचं चौथं प्रकरण आजच बघून द्यायचंय," तू वरून ओरडलीस. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की."

"बाई, खाली ये."

"नक्की म्हटलं ना!"

तू खिडकी लावून घेतलीस. मी थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बसले आणि मग गाडी वळवली.