पूजेतला पाना

शाळेच्या सायकल स्टँडवरून जाताना मी कुठल्याही सायकलचं पुढचं चाक जरा उचलतो आणि हँडल डावीउजवीकडे फिरवून बघतो. पेणला नोकरीला लागल्यापासूनची ही माझी खोड. हलकं फिरलं तर पुढे जातो. जड वाटलं तर ज्याची सायकल असेल त्याला वर्गात उभं करतो आणि दुरुस्त करून आणल्याशिवाय सोडत नाही. एकदा एक पालक यावरून भांडायला आले होते. त्यांना कारण सांगायचं म्हणजे दादाचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

दादा, माझा मोठा भाऊ, रोह्याच्या एका कंपनीत फिटर होता. दर खंडेनवमीला तो आपली सायकल सुटी करायचा, भाग रॉकेलमध्ये धुवायचा, नवं ग्रीस भरून परत जोडायचा. संध्याकाळी सायकलला हार पडायचा आणि सगळी हत्यारं पूजेला लागायची. माझ्याकडे काम काय, तर पाने पुसायचे. मी सतरा वर्षांचा होतो त्या वर्षी त्याला डबल ड्युटी लागली. जाताना म्हणाला, "यंदा तूच कर. येतं तुला."

केलं. एकट्याने केलं आणि त्याचा मला इतका माज चढला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तोवर वहिनीने हत्यारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. दादाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवेलागणीला मी सहज हँडल फिरवलं तर ते जड. वळत होतं, पण जोर लावावा लागत होता. पाना समोरच होता, झेंडूच्या फुलाखाली. पण एकदा पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या दिवशी पूजा उठेपर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. म्हटलं, उद्या बघू.

दादाची कंपनी दसऱ्यालाही बंद नसायची. दादाची पहिली शिफ्ट होती, मी उठायच्या आत तो गेला. कंपनीकडे जाणाऱ्या वळणावर ट्रकने त्याला उडवलं. जागीच गेला. सायकल वळलीच नाही, सरळ गेली, असं बघणारे सांगत होते. सायकलचं म्हणाल तर मडगार्ड तेवढं चेपलं होतं. लोकांनी ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. हँडलचं मी कुणाला बोललो नाही. अजूनही वर्गात शिकवता शिकवता हाताला एकदम ते जडपण जाणवतं आणि फळ्यावरचं अक्षर अर्धंच राहतं. मुलांना वाटतं, सर विसरले.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "भावजी, ती सायकल चालू करून द्या. डोक्यावरनं दळण न्यायला मान साथ देत नाय आता. पिशवी कॅरियरला बांधून हातानं ढकलत नेईन." मी म्हटलं, गल्लीतल्या दुकानात दे. "टायर त्यानंच बदललेत. हँडल तुमीच बघा," म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी पेणच्या रामवाडीतून एसटी धरली. वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोचलो. सायकल पडवीत उभी होती. इतकी वर्षं ती गोणपाटाखाली होती आणि आता टायर बदलेपर्यंत वहिनीने कुणाला हात लावू दिला नव्हता. दादाचे पाने त्याच डब्यात होते. एका पान्याच्या खाचेत पिवळं काहीतरी दिसलं. ती हळद होती की गंज, हे मी मुद्दामच नीट बघितलं नाही.

हँडल उपसलं, वरचा नट काढला, पुढच्या चाकाचा चिमटा खाली ओढून घेतला. हँडलखालच्या नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक वाटी असते आणि तिच्यात छर्रे, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या, फिरतात. छर्रे विखरू नयेत म्हणून पत्र्याच्या गोल कड्यात बसवलेले असतात. जुनं ग्रीस वाळून खपली झालं होतं. सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं, नवं ग्रीस भरलं आणि जसं निघालं तसं परत बसवलं. नट आवळला की हँडल जड, सैल केला की खडखड. मधलं काही मिळेचना. परत उघडलं, वाट्या घासल्या, परत बसवलं. तेच. तिसऱ्यांदा मी पाना फरशीवर आपटला आणि सायकलला नको ते बोललो. वहिनी दारातून नुसती बघत होती.

मग खालचं कडं हातात घेऊन उन्हात धरलं. त्याला सुलटी-उलटी बाजू असते. उलटं बसलं तर छर्रे वाटीला नीट टेकत नाहीत, पत्राच घासत राहतो. या कड्याचा पत्रा एका बाजूने घासून चकचकीत झाला होता. मी ते पालथं केलं आणि बसवलं. हँडल बोटाने ढकललं तर आपोआप एका बाजूला गेलं. त्या खंडेनवमीनंतर हँडल कुणी उघडलंच नव्हतं. कडं उलटं मीच घातलं होतं, सतराव्या वर्षी, आणि आज धुऊन-पुसून पुन्हा तसंच घातलं होतं.

वहिनीकडे न बघताच मी सगळं बोलून टाकलं. संध्याकाळी हँडल जड लागलं होतं, पाना पाटावर होता, मी उद्यावर ढकललं. "वहिनी, माझ्यामुळे गेला तो."

ती दारातून पुढे आली. म्हणाली, "हँडल जड हाय हे मला ठाव होतं."

"कसं?"

"निघताना त्यांनीच फिरवून बघितलं ना. मी म्हटलं, भावजींना उठवू का, तर नको म्हणाले. 'पाने पूजेत हायत. आणि पोरानं पयल्यांदा एकट्यानं बसवलंय, त्याला काय बोलू नको. संध्याकाळी आलो की दोघं मिळून उघडू.'" तिने पदराने तोंड पुसलं. "बोलू नको म्हणून गेले. म्हणून नाय बोलले."

"मग आता का बोलावलंस?"

"तुमी दोघांनी उघडायचं होतं. एक तर हाय."

तिने दळणाची पिशवी कॅरियरला बांधली, हँडल एकदा फिरवून बघितलं आणि गिरणी बंद व्हायच्या आत जाऊन येते म्हणून निघाली. गल्लीच्या टोकाला सायकल सहज वळली. मी पाना हातात घेऊन पडवीत बसून राहिलो. इतकी वर्षं एका गोष्टीचा मला आधार होता. माझ्या हातून काय झालंय, हे दादाला कळायलाही वेळ मिळाला नसेल, असं मी धरून चाललो होतो. त्याला ते उंबऱ्यातच कळलं होतं. तरी तो त्या सायकलवर बसला, मला वाईट वाटू नये म्हणून.